ट्रफलचा भाव छापलात, त्याचं काम राहून गेलं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ट्रफलवर, म्हणजे जमिनीखाली पिकणाऱ्या एका खाण्याच्या बुरशीवर, आलेला लेख मुलीने फोनवर उघडून दिला आणि मी तो दोनदा वाचला. इटलीतल्या आल्बा गावचं पांढरं ट्रफल किलोला किती हजार युरोंना जातं, मोठ्या हॉटेलांत पास्त्यावर त्याचे काप कसे मोजून घालतात, लिलावात बोली कशी चढते, हे सगळं लेखात आहे. पण हे ट्रफल जंगलात येतं कशासाठी, त्याला एवढा वास का असतो आणि ते पसरतं कसं, याबद्दल एक ओळही नाही. मी ३५ वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नोकरी केली, त्यातली ११ वर्षं रोपवाटिकेवर. गेले चार महिने अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस गावी मुलीकडे आहे. ट्रफल आणि जंगल यांच्या नात्याचा जगात जिथे फार बारकाईने अभ्यास झाला, त्यातलं हे एक ठिकाण. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कात्री लावा, पण उंदरांचा भाग तेवढा ठेवा.

मुलीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या धंद्यात झाडं पाडण्यात घालवली. मीही जंगलातलाच माणूस आहे हे कळल्यावर त्यांच्या-माझ्या गप्पा जमल्या, मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायची. त्यांच्याकडे लागोत्तो या इटालियन जातीची, मेंढीसारख्या कुरळ्या केसांची कुत्री आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते आम्हाला ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात घेऊन गेले. तिथे पूर्वी मेंढ्यांचं कुरण होतं. वीसेक वर्षांपूर्वी डग्लस फरची झाडं लावली. डग्लस फर म्हणजे या मुलखाचं सागवान समजा. सरळसोट वाढतो, घरं त्याच्याच लाकडाची, आणि रोपवनंही त्याचीच. बारीक पाऊस चालू होता. झाडांखाली सुयांसारख्या पानांचा ओला थर, वर शेवाळ, मधून मधून नेचे.

कुत्री नाक जमिनीला लावून नागमोडी फिरत होती. एकाएकी थांबली, पंजाने दोनदा माती ओरबाडली आणि मालकाकडे पाहून उभी राहिली. त्यांनी गुडघ्यावर बसून खुरप्याने पानांचा थर बाजूला केला. चार बोटं खाली लिंबाएवढं, वेडंवाकडं, मातकट पांढरं ट्रफल होतं. इथल्या हिवाळी पांढऱ्या ट्रफलचं शास्त्रीय नाव ट्यूबर ऑरेगोनेन्स, आणि ही जात शास्त्राच्या वहीत २०१०मध्येच स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. चाकूने कापल्यावर आत तपकिरी गर आणि त्यात पांढऱ्या शिरांची नक्षी. वास लसणीच्या फोडणीचा, त्यात जुन्या चीजचा, आणि त्याखाली मृगाच्या पहिल्या पावसातल्या मातीचा. खड्डा त्यांनी लगेच त्याच मातीने आणि पानांनी बुजवला, वरून तळहाताने दाबला. दोन तासांत सात ट्रफलं निघाली.

पलीकडच्या पट्ट्यात मात्र कोणीतरी दाताळं फिरवलेलं दिसलं. पानांचा सगळा थर उलटापालटा झालेला, केसांसारखी बारीक मुळं तुटून वर आलेली. दाताळ्याला पिकलेलं आणि कच्चं यांतला फरक कळत नाही, जे हाती लागेल ते ओढून निघतं. कच्चं ट्रफल तोडल्यावर धड पिकत नाही. त्याला वास येत नाही आणि चवही येत नाही. ऑरेगनच्या ट्रफलांना बाजारात बरीच वर्षं कमी भाव मिळाला, त्याचं मोठं कारण हेच दाताळं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. कुत्री कच्च्याजवळ थांबतच नाही, कारण कच्च्याला वास नसतो. मला त्या सकाळी सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही. वास हीच त्या फळाची पिकल्याची दवंडी आहे, आणि ती माणसासाठी दिलेली नाही.

ट्रफल हे बुरशीचं फळ. आपल्या रानात पावसाळ्यात उगवणारी अळंबी छत्री उघडते आणि तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बी, वाऱ्यावर जातात. ट्रफल जमिनीखालीच पिकतं. वर माती उन्हाने तापो, थंडीने गोठो, नाहीतर वाळो, खाली ते सुरक्षित असतं. पण तिथे वारा पोचत नाही, म्हणजे बीजाणू बाहेर कसे पडणार? ट्रफलची सगळी युक्ती या अडचणीतून निघालेली आहे. पिकलं की ते वास सोडतं. डुकरं आणि कुत्री फ्रान्समधलं काळं ट्रफल कशाच्या ओढीने शोधतात, याची तपासणी १९९०मध्ये झाली, तेव्हा त्या वासातलं डायमिथाइल सल्फाइड हे गंधकयुक्त द्रव्य त्यामागे असल्याचं दिसलं. इथे ऑरेगनच्या रानात डुक्कर मूळचं नाही. इथे उंदीर, चिपमंक नावाची पट्ट्यांची छोटी खार आणि उडणारी खार. वास आला की ते उकरतात आणि ट्रफल खातात. गर पचतो, बीजाणू पचत नाहीत. जाड कवचाचे ते बीजाणू एक-दोन दिवसांत लेंड्यांतून बाहेर पडतात, आणि तोवर प्राणी बराच पल्ला चाललेला असतो. पावसाने लेंड्या विरघळल्या की बीजाणू मातीत झिरपतात, एखाद्या कोवळ्या मुळाला टेकतात आणि तिथे रुजतात.

चंद्रपूरकडच्या कोणालाही हे समजायला जड जाऊ नये. उन्हाळ्याच्या शेवटी अस्वलाची विष्ठा आम्ही काडीने उलगडून बघत असू. त्यात बोराच्या आठळ्या, जांभळाच्या बिया, बहाव्याच्या बिया. पावसाळ्यात त्याच जागी रोपांचा झुबका दिसायचा. अस्वल जे बहाव्यासाठी करतं, तेच हे मुठीएवढे प्राणी ट्रफलसाठी करतात. फरक एवढाच की बहाव्याचं रोप डोळ्यांना दिसतं आणि ट्रफलचं काम दिसत नाही.

ते काम मुळांवर चालतं. बीजाणूतून निघालेले तंतू झाडाच्या बारीक मुळाभोवती मोज्यासारखं आवरण विणतात, मुळाच्या पेशींच्या मधल्या जागेत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने मातीत लांबवर पसरतात. मूळ जिथे पोचू शकत नाही तिथलं पाणी, स्फुरद आणि नत्र हे तंतू आणून देतात, आणि झाड पानांत तयार केलेली साखर त्यांना देतं. कृषी केंद्रातल्या डब्यांवर 'मायकोरायझा' हा शब्द शेतकऱ्यांनी पाहिला असेल, तो याच भागीदारीचा. आणि हा शब्द जन्मला तो ट्रफलपायीच. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारला ट्रफलची लागवड हवी होती, म्हणून त्यांनी ए. बी. फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला कामाला लावलं. ट्रफल पिकवण्याची रीत काही त्याला देता आली नाही; पण झाडांची मुळं आणि बुरशी एकजीव होऊन जगतात हे त्याने पाहिलं, आणि १८८५मध्ये या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं.

ऑरेगनमध्ये हा धागा पुढे नेला तो याच कॉर्व्हॅलिस गावी काम केलेल्या जेम्स ट्रॅपी या बुरशीशास्त्रज्ञांनी. डग्लस फर या एकाच झाडाशी सुमारे २००० जातींच्या बुरशा अशी भागीदारी करू शकतात, असा त्यांचा १९७७चा अंदाज. पुढच्याच वर्षी, १९७८मध्ये, ख्रिस मेझर, ट्रॅपी आणि रोनाल्ड नुसबाउम या तिघांनी ऑरेगनच्या सूचिपर्णी जंगलातले छोटे प्राणी आणि जमिनीखालच्या बुरशा यांचं नातं एका शोधनिबंधात मांडलं. त्याआधी वनशास्त्रात उंदराची ओळख काय होती? बी खाणारा, रोपं कुरतडणारा शत्रू. आमच्याकडेही तीच होती. मी स्वतः गादीवाफ्यांभोवती उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवून घेतल्या आहेत. या तिघांनी प्राण्यांच्या पोटातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि त्यात बियांपेक्षा ट्रफलच्या बीजाणूंचीच गर्दी निघाली.

त्यातले दोन प्राणी आपल्या वाचकांना सांगितलेच पाहिजेत. पहिली उडणारी खार. आपल्या आलापल्लीच्या जंगलातली उडणारी खार मांजराएवढी, इथली जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅमची. ती रात्री निघते, झाडावरून झाडावर तरंगत जाते आणि खाली उतरून ट्रफल उकरते. बर्फाने जमीन झाकली की झाडांवरच्या दगडफुलासारख्या लोंबत्या शैवाकावर दिवस काढते. तिच्या लेंड्यांत ट्रफलच्या बीजाणूंबरोबर हवेतला नत्र धरणारे जिवाणू आणि यीस्टही असतात, असं १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे एक लेंडी जमिनीत गेली की बियाणं आणि खत एकदमच पडतं. या खारीवर जगतं ते ठिपकेदार घुबड. हे घुबड १९९०मध्ये धोक्यातली जात म्हणून जाहीर झालं, त्यावरून इथे लाकूडतोडे आणि निसर्गप्रेमी यांच्यात मोठा संघर्ष पेटला, आणि १९९४मध्ये जुन्या जंगलांची तोड रोखणारी सरकारी योजना आली. माझे शेजारी त्या काळात तोडीवर होते. त्यांच्या ओळखीच्या कित्येकांची रोजी गेली, आणि ते दुःख त्यांच्या बोलण्यात आजही आहे. तेव्हा सगळे घुबडाच्या नावाने बोलत होते, ते घुबड काय खातं आणि ती खार काय खाते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, असं ते मला म्हणाले.

दुसरा प्राणी म्हणजे लालसर पाठीचा एक उंदीर. त्याचं पोट जवळजवळ पूर्णपणे ट्रफलवर चालतं. एखाद्या पट्ट्यातलं जंगल सरसकट तोडलं की झाडांची साखर थांबते, साखर थांबली की बुरशीला फळ धरवत नाही, आणि हा उंदीर वर्ष-दोन वर्षांत तिथून नाहीसा होतो. मग ज्या नव्या रोपांना बीजाणूंची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्यापर्यंत ते पोचवणाराच तिथे उरत नाही. मोकळ्या जागेत जायला न घाबरणारे चिपमंक आणि काही उंदीर कडेच्या जंगलातून थोडे बीजाणू आत आणतात. म्हणून तोडीच्या पट्ट्याला लागून जुनं जंगल शिल्लक आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मार्चच्या सुरुवातीला मुलगी आणि जावई मला एच. जे. अँड्र्यूज या प्रायोगिक जंगलाकडे घेऊन गेले. कॉर्व्हॅलिसपासून गाडीने दोनेक तास. १९४८पासून तिथे संशोधन चालू आहे. २०२३च्या वणव्यात त्याचा मोठा भाग होरपळला, काळे पडलेले बुंधे रस्त्यावरून दिसतात. जो भाग वाचला त्यात ४०० ते ५०० वर्षांची डग्लस फरची झाडं उभी आहेत. मी आयुष्यभर झाडांच्या बुंध्यांना टेप लावला आहे, पण तिथे टेप काढावासा वाटला नाही. माझं लक्ष मात्र आडव्या झाडांकडे गेलं. छातीएवढ्या उंचीचे ओंडके जागच्या जागी कुजत पडलेले, त्यांच्यावर शेवाळ आणि शेवाळातून उगवलेली नवी रोपं. ओंडके कसे कुजतात हे पाहण्यासाठी तिथे १९८५मध्ये एक प्रयोग सुरू झाला, तो २०० वर्षं चालवायचा असं ठरवून. सुरू करणाऱ्यांपैकी कोणीच त्याचा शेवट पाहणार नाही. कुजलेला ओंडका स्पंजासारखं पाणी धरतो. इथला उन्हाळा कोरडा असतो, तेव्हा त्या ओलाव्याच्या आधाराने ओंडक्याखाली आणि आसपास बुरशीचे तंतू जगतात, ट्रफलं धरतात, आणि म्हणून तो लाल पाठीचा उंदीरही ओंडक्यांच्या आसऱ्याने राहतो. एका ओंडक्याच्या बुडाशी मला पेल्याएवढे चार-पाच खड्डे दिसले, ताजे, कडेला माती उडालेली. अस्वलाने वाळवी उकरली की जशी खूण राहते तशीच, फक्त बोटभर खोल. कितीतरी वेळ मी तिथून हललो नाही.

इथे मला माझी रोपवाटिका आठवली. १९८५च्या सुमारास आमच्याकडे निलगिरीची लाखाने रोपं करायची होती. आदल्या वर्षी गादीवाफ्यांवर मर रोग येऊन बरीच रोपं कोलमडली होती. म्हणून त्या वर्षी मी माती बारीक चाळून घेतली आणि सगळ्या वाफ्यांवर बुरशीनाशकाची झारी फिरवायला सांगितली. मर थांबली. पण पिशव्यांत गेलेली रोपं वीतभर होऊन थबकली, पानं जांभळट झाली. शेणखत वाढवून पाहिलं, फार फरक पडला नाही. कामावर एक मावशी होत्या, शाळेची पायरी न चढलेल्या. त्या एके दिवशी डोक्यावर टोपली घेऊन आल्या. जुन्या बंगल्याकडच्या झाडांखालची काळी, भुसभुशीत माती होती, तीत पांढरे दोरे दिसत होते. 'साहेब, ही माती मेली आहे, हिला थोडी जिती माती द्या,' एवढंच म्हणाल्या. मी ती चार ओळींपुरती टाकू दिली, तेही त्यांचं मन मोडू नये म्हणून. दीड महिन्यात त्या चार ओळी बाकीच्यांच्या वर गेल्या आणि हिरव्या झाल्या. मी वहीत कारण लिहिलं: 'खताचा परिणाम.'

हा काही प्रयोग नव्हता, आणि त्या मातीत नेमकी कोणती बुरशी होती हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण निलगिरी ज्या देशातून आली त्या ऑस्ट्रेलियात तिच्या मुळांवर ट्रफलच्या असंख्य जाती असतात, आणि पोटोरू, बेटाँग हे सशाएवढे पोटात पिशवी असलेले प्राणी त्या उकरून खातात व पसरवतात. ट्रफल शोधताना एक बेटाँग वर्षाला काही टन माती उलटतो. आम्ही निलगिरीचं बी आणलं, तिचे सोबती आणले नाहीत. आणि जे कोणी मातीबरोबर आपसूक आले असतील, त्यांना मी झारीने मारलं. त्याच दशकात इथे ऑरेगनमध्ये रायझोपोगॉन नावाच्या, ट्रफलसारख्याच जमिनीखाली पिकणाऱ्या बुरशीची फळं पाण्यात वाटून ते पाणी डग्लस फरच्या रोपांना देत होते. कोरड्या जागी लावल्यावर अशी रोपं जास्त जगली. तिकडे बुरशी झारीने घालत होते, इकडे मी झारीनेच काढत होतो. हे कळल्यापासून त्या वर्षीची सगळी रोपं मला पुन्हा आठवतात.

आता आपल्या लेखातल्या एका विधानाबद्दल. शेवटच्या परिच्छेदात, सह्याद्रीतल्या शेतकऱ्यांनाही ट्रफलची शेती करता येईल, असं सुचवलं आहे. कृपया हे दुरुस्त करा. फ्रान्सच्या काळ्या ट्रफलला चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेली जमीन लागते, थंड हिवाळा लागतो, आणि ओक किंवा हेझलचं झाड लागतं. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी आहे. अनुकूल जागीसुद्धा पहिलं फळ हाती यायला पाच ते दहा वर्षं जातात. खुद्द फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे १००० टन काळं ट्रफल निघे. आज ते शंभर टनांच्याही खाली आलं आहे. गावातली जाणती पिढी महायुद्धात गेली, शेतं ओस पडली, रानं दाट झाली आणि ट्रफलला लागणारी मोकळी, उन्हाची जागा गेली. जिथे ते मूळचं, तिथे ही गत असताना रत्नागिरीच्या शेतकऱ्याने ट्रफलच्या रोपावर पैसे घालू नयेत.

तसंच, समाजमाध्यमांवर फिरणारा एक संदेश मला नातेवाइकांकडून वारंवार येतो: जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना निरोप पाठवतात, आई झाड पिल्लांना दूध पाजतं. १९९७मध्ये सुझान सिमार्ड या वनशास्त्रज्ञ बाईंनी बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवघेव दाखवली, ते खरं. पण ती देवघेव प्रत्यक्ष जंगलात किती होते आणि त्याने रोपांना किती फायदा होतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे, असं २०२३मध्ये त्याच क्षेत्रातल्या तीन शास्त्रज्ञांनी सगळे अभ्यास तपासून लिहिलं. ट्रफल, उंदीर आणि झाड यांची भागीदारी एवढी पक्की आहे की तिला दंतकथेची फोडणी लागत नाही.

मग आपल्या जंगलांशी याचा संबंध काय? साग, ऐन, मोह, बांबू यांच्या मुळांवर जी बुरशी असते ती वेगळ्या घराण्याची. ती पेशींच्या आत शिरते आणि तिला ट्रफलसारखं फळ धरत नाही, त्यामुळे सागवानाखाली ट्रफल शोधण्यात अर्थ नाही. मात्र तिचेही बीजाणू मातीतच राहतात आणि माती हलली तर हलतात. आमच्याकडे माती हलवतात ते रानडुक्कर, साळिंदर, अस्वल, खवल्या मांजर आणि उंदीर. थोडं पूर्वेला, बस्तरमध्ये, साल या झाडाची जंगलं सुरू होतात. माझी मोठी बहीण लग्न होऊन जगदलपूरला गेली. पहिला पाऊस पडला की तिच्या दारावर 'बोडा' विकायला येतो, झारखंडात त्यालाच रुगडा म्हणतात. सुपारीएवढे मातकट गोळे, आदिवासी बाया सालाखालची जमीन अलगद खरवडून ते काढतात. हे खरं ट्रफल नव्हे. न काढता राहिलं तर ते वर येऊन चांदणीसारखं उकलतं. पण त्याचं नातं सालाच्या मुळांशी ट्रफलसारखंच आहे, म्हणून ते शेतात पिकवता येत नाही आणि साल तुटला की बोडाही संपतो. ताई त्याची झणझणीत भाजी करते. ज्या बाया तो काढतात त्यांना कोणत्या झाडाखाली, पावसानंतर कितव्या दिवशी खरवडायचं हे माहीत असतं. त्यांच्याकडून ते कोणी लिहून घेतलं पाहिजे.

माझं म्हणणं जंगलात आज नोकरी करणाऱ्या पोरांसाठी आहे, आणि आपलं वर्तमानपत्र ते वाचतात म्हणून इथे लिहितो. रोपवनाचा अहवाल भरताना आपण जगलेली रोपं मोजतो. ती मोजावीच. पण तोड संपल्यावर पडलेला प्रत्येक ओंडका उचलून जमीन साफ करण्याची आपल्याला सवय आहे, ती बदलता येईल. गावाला सरपण हवं, त्याबद्दल वाद नाही. हेक्टरी दोन-चार जाड, वठलेले ओंडके तरी जागच्या जागी कुजू द्यावेत. तोडीच्या पट्ट्याला लागून जुन्या झाडांची पट्टी राखावी, म्हणजे उकरणारे प्राणी परत यायला वाट राहील. रोपवाटिकेत बुरशीनाशक रोग दिसल्यावरच वापरावं, दिनदर्शिकेप्रमाणे नव्हे. आणि ज्या जातीची रोपं करायची, त्याच जातीच्या निरोगी जुन्या झाडाखालची माती मूठ-मूठ मिसळून पाहावी. त्या मातीतून रोग आणि सूत्रकृमी येण्याचाही धोका असतो, म्हणून आधी थोड्या ओळींवर, आणि या वेळी वहीत खरं कारण लिहून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी चंद्रपूरला परत येतो आहे. त्या मावशी मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावी आहेत, आता ऐंशीच्या पुढे गेल्या. गेल्या दिवाळीत भेटल्या तेव्हा डोळ्यांना कमी दिसतं म्हणाल्या, पण बोलणं तसंच खणखणीत. जुन्या बंगल्यामागे निलगिरी होती, तशी आणखीही बरीच झाडं होती. ती टोपली त्यांनी नेमकी कोणत्या झाडाखालून भरली, आणि तिथलीच माती घ्यावी हे त्यांना कोणी शिकवलं, हे मी ४० वर्षांत एकदाही विचारलं नाही. आल्यावर आधी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या जे सांगतील ते जागा असल्यास आपल्याकडे छापायला पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त वनपाल
चंद्रपूर (सध्या मुक्काम कॉर्व्हॅलिस, ऑरेगन)